फोन आईकडे देऊ नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, फोनवर पोट साफ होण्याचा विषय काढला की तुम्ही "धर, आईशी बोल" म्हणून मोकळे होता. म्हणून पत्र.

आईने सगळं सांगितलंय, तिच्यावर रागावू नका. हृदयाच्या दुखण्यातून दवाखान्यातून घरी आल्यावर चार-चार दिवस पोट साफ होत नव्हतं. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी जातं, म्हणून खडा होतो, असा हिशेब मांडून तुम्ही गोळी एक दिवसाआड केलीत आणि वर लिटरभर पाणी वाढवलंत. तिसऱ्या आठवड्यात पाय सुजले, आडवं झालं की धाप, आणि पुन्हा दवाखान्यातली तीच खाट. पोट साफ होतं का, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि तुम्ही काही सांगितलं नाहीत.

तुमचा तर्क अर्धा बरोबर होता, तिथेच घात झाला. ती गोळी पाण्याबरोबर पोटॅशियमही कमी करू शकते, आणि ते उतरलं की आतडी सुस्तावतात. त्यात चालणं कमी, लोहाची गोळी. शिवाय हृदय कमजोर असलं की आतड्यांना रक्त कमी पोचतं आणि पायांसारखी त्यांच्या भिंतींनाही सूज येते. मग तीच लघवीची गोळी नीट शोषली जात नाही. म्हणजे पोटाची म्हणून जी तक्रार तुम्ही लपवलीत, ती हृदयाचीही असू शकते. बद्धकोष्ठ असलेल्या हृदयरुग्णांना पुन्हा दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. बद्धकोष्ठ हे त्याचं कारण की नुसती खूण, हे डॉक्टर मंडळी ठरवतील. आपल्या घरी काय झालं ते आपण पाहिलंय.

आणि ते कुंथणं! श्वास रोखून जोर लावला की छातीत दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, आणि जोर सोडला की रक्तदाब एकदम उसळतो. संडासातून येताना त्या दिवशी भिंत धरलीत, ते यामुळेही असेल. पायाखाली छोटं स्टूल घ्या, पुढे झुका, श्वास सोडत राहा. नाश्त्यानंतर बसा, तेव्हा आतडी आपसूक हलतात. कडी मात्र लावू नका. आई दारात उभी राहणार नाही, तिला बजावलंय.

आई, आणलेलं ईसबगोल तूर्त राहू दे. त्याला भरपूर पाणी लागतं, कमी पाण्यात ते उलट अडकतं, आणि बाबांना दिवसाला दीड लिटरचीच मुभा आहे. फसफसणाऱ्या चूर्णात सोडियम असतं, ते तर नकोच. डॉक्टर देतील ते रेचक घेऊ. ते पाण्यात कालवायचं असेल तर तेही पाणी दीड लिटरमध्येच धरायचं. लघवीची गोळी त्यांना विचारल्याशिवाय कमी करायची नाही.

वजनाच्या वहीत आणखी एक रकाना आख: पोट साफ झालं की नाही. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर "पोट साफ नाही म्हणून असेल" असं म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर थेट दवाखाना.

रविवारी फोन करते. पहिला प्रश्न काय असेल ते बाबांना कळलंच असेल. आई, तू मागून हसू नकोस.

तुमची लेक