चाचा, तुम्ही आधी चोर धरलात

चाचा, सप्रेम नमस्कार.

गॅरेजमध्ये मी आभार मानले तेव्हा तुम्ही "काम हाय ते आमचं" म्हणून दुसऱ्या गाडीखाली शिरलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही काय काम केलंत ते चार लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते. गाडी पिकअप घेत नव्हती. तिसऱ्या गिअरमध्ये कितीही ॲक्सिलरेटर दाबला तरी कुणी मागून धरून ठेवल्यासारखं वाटायचं. पहिल्या ठिकाणी बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी०४२० कोड आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा, आत जाळी असलेला डबा) नीट काम करत नाही, आणि लगेच नव्या कन्व्हर्टरचं कोटेशन हातात पडलं. दुसरे म्हणाले, एवढा खर्च कशाला, आतली जाळी फोडून डबा पोकळ करून देतो. खर्च ऐकून मी त्या सल्ल्याला जवळजवळ हो म्हटलं होतं.

तुम्ही मात्र स्कॅनरला हात लावायच्या आधी मला विचारलंत, "ताई, इंजिनाचा दिवा नुसता लागायचा का लुकलुकायचा?" हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. मग मला आठवलं. दिवाळीत रत्नागिरीहून आईला घेऊन येताना आंबा घाटात तो लुकलुकत होता आणि गाडी गचके देत होती. वर आल्यावर थांबला म्हणून मी तीन महिने तशीच चालवली. लुकलुकणारा दिवा म्हणजे गाडी जोरात मिसिंग करतेय, सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाहीये, तिथल्या तिथे वेग कमी करायचा, हे तुम्ही सांगितलंत. गाडी चालवायला लागून मला बारा वर्षं झाली, पण हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

गाडी गार असताना तुम्ही कन्व्हर्टरवर रबरी हातोडीनं हलकेच टकटक केलीत. आतून खुळखुळ आवाज आला. कन्व्हर्टरच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज बसवलात, आणि अडीच हजार आरपीएमला दाबाचा काटा सहा पीएसआयवर गेला. तो तीनच्या आत राहायला हवा, म्हणजे धुराला बाहेर पडायची वाट तुंबलेली. इथेच "बदला" म्हणून मोकळं होता आलं असतं. पण तुम्ही म्हणालात, "आधी चोर धरू, मग कुलूप बदलू."

स्कॅनरच्या मेमरीत दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचा जुना कोड होता. तुम्ही त्याची इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) काढून तिसऱ्यावर लावलीत, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि मला शेजारी बसवून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलात. वाघबीळच्या पुढे चढ लागला, गाडीनं गचका दिला, आणि स्कॅनरवर आता तिसरं सिलिंडर आलं. कॉइलच्या मागोमाग दुखणंही सरकलं होतं! तो क्षण मी विसरणार नाही. ती कॉइल तापली की ठिणगी सोडायची नाही. न जळलेलं पेट्रोल तसंच कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटायचं, आणि त्या उष्णतेनं जाळी वितळली. आधी कॉइल न बदलता कुणी नवा कन्व्हर्टर बसवला असता, तर काही महिन्यांत तोही गेला असता.

डबा पोकळ करण्याबद्दल मी पुन्हा विचारलं, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. ते कायद्यात बसत नाही एवढं सांगून पुढे म्हणालात, "पोरीला शाळेत सोडताना इंजिन चालू ठिवता न्हवं? त्यो धूर तितल्याच पोरांच्या नाकात जातोय." कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. त्या विषारी वायूचा कार्बन डायऑक्साइड करून सोडणारी ती जाळीच फोडून टाकायला मी निघाले होते. तुमचं ते वाक्य आजही शाळेच्या दारात आठवतं. तिथे मी आता इंजिन बंद करते.

गंजलेल्या बोल्टांना आदल्या संध्याकाळी तेल सोडून ठेवलंत, तरी एक स्टड तुटलाच. तो काढण्यात तुमचा सबंध दुपारचा वेळ गेला, आणि बिलात त्याचे पैसे नव्हते. जुना डबा उघडून ट्यूबलाइटसमोर धरलात. भोकाभोकांतून पलीकडचा उजेड दिसायला हवा तिथे अर्धी जाळी करपलेल्या पाकासारखी थिजलेली. मी तर तो भंगारात टाका म्हणाले असते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि त्याला चांगला भाव येतो, हे तुम्हीच सांगितलंत आणि तेवढी रक्कम बिलातून वजा केलीत. सांगितलं नसतंत तर मला कधी कळलंही नसतं.

नवी कॉइल, चारही नवे प्लग, नवा गॅस्केट आणि कंपनीचाच कन्व्हर्टर. स्कॅनरवर कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरची रेघ आधी पुढच्यासारखी वरखाली उड्या मारत होती. ती आता ०.७ व्होल्टच्या आसपास संथ चालली होती, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत होता. ती रेघ तुम्ही मला बोट ठेवून दाखवलीत. काम संपल्यावर गिऱ्हाइकाला समजावण्यासाठी दहा मिनिटं कोण देतं?

परवा पीयूसी काढली. कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के, आपल्या गाडीचा आकडा ०.०२. पावतीचा फोटो तुमच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवलाय, त्याच्याकडून बघून घ्या.

पुढच्या रविवारी आईला रत्नागिरीला सोडायला जातेय, त्याच घाटातून. तिनं तुमच्यासाठी कोकमाचं आगळ आणायला सांगितलंय. सोमवारी संध्याकाळी गॅरेजवर घेऊन येते. चाचींना सांगून ठेवा.

तुमची,
लाल गाडीवाली ताई