वहिनीला घेऊन मुंबईला येताना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची यादी मिळाली. चार दिवसांत सिद्धिविनायक, राणीची बाग, घारापुरी, म्युझियम, चौपाटी आणि जमलंच तर महालक्ष्मी. आई, सातवा सरला की पोटुशीला वेशीबाहेर काढू नये, हे तुझं म्हणणंही दादाकडून कळलं. या तुम्ही सगळे. फक्त यादीला कात्री मी लावणार.

तिकिटं काढायच्या आधी दादाने वहिनीच्या डॉक्टरांना चार गोष्टी सरळ विचाराव्यात. वार (प्लासेंटा) खाली आहे का? रक्तदाब वाढतोय का? मधे कधी अंगावरून रक्त गेलंय का? वेळेआधी कळा सुरू होण्याची काही शक्यता त्यांना दिसते का? एकालाही ‘हो’ आलं तर बेत रद्द, मग मीच नाशिकला येईन. ‘प्रवास चालेल का’ असं मोघम विचारलं तर ‘जपून जा’ असं मोघमच उत्तर मिळतं. चारही ‘नाही’ आली तर तिसाव्या आठवड्यात एवढा प्रवास बहुतेक बायकांना झेपतो. चौतिसावा लागला असता तर मीही आईच्या बाजूने बोलले असते. डॉक्टरांकडून किती आठवडे झालेत आणि प्रवासाला हरकत नाही, असं लिहून घ्या.

आता मुद्द्याचं. बाबा, तुम्ही कुठून कुठे किती किलोमीटर ते लिहिलंय. त्याचा इथे फारसा उपयोग नाही. वहिनीला त्रास होणार तो दोन गोष्टींनी: चढ-उतार आणि ताटकळत उभं राहणं. सपाटीवर दहा-पंधरा मिनिटं चालणं तिला उलट बरं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, त्यात वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरा दाबतं. मग रक्त पायातच साचतं, पाय सुजतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. रांगेत चक्कर येते ती यामुळे, उपाशीपोटी असल्यामुळेच असं नाही. आई, तुझ्या पायाच्या फुगलेल्या शिरांनाही हेच लागू आहे. आणि बाबांच्या गुडघ्यांना चढ-उतार नकोच आहे. म्हणजे बेत एकटीसाठी नाही, तिघांसाठी आखायचाय.

दादाला गाडी काढायची हौस आहे. समृद्धीवरून आलं तर कसारा घाट टळतो हे खरं, पण तो रस्ता आमण्याला संपतो आणि पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. तिथे अडकलात तर तिला ना उठता येईल, ना लघवीला जाता येईल. त्यापेक्षा पंचवटी घ्या. वातानुकूलित चेअर कारमध्ये तिच्यासाठी मधल्या वाटेलगतची जागा, दारापासून तीन-चार ओळी आत. फार जवळ बसलं तर संडासाचा वास आणि दाराची ये-जा, फार लांब तर दर तासाला हलत्या गाडीतून लांबवर चालणं. कमरेच्या मागे छोटी उशी, पायाखाली कपड्यांची पिशवी. दर पाऊण तासाला घोटे दहा वेळा वर-खाली, दहा वेळा गोल. तासा-दीड तासाने उठून डब्यातच दोन फेऱ्या, दादाने पाठीमागे राहायचं. घाटात गाडी वळणं घेते तेव्हा उठायचं नाही.

घर माहीमला आहे म्हणून तुम्ही दादरला उतरायला निघाल. उतरू नका, थेट सीएसएमटीला या. दादरला गाडी जेमतेम थांबते, दारात चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची रेटारेटी आणि वर पुलाचे जिने. सीएसएमटीला गाडी संपते. सगळे उतरून गेले की सावकाश उतरा. फलाट समोरच्या मोकळ्या हॉलला सपाटीनेच मिळतात, एकही पायरी चढावी लागत नाही. मी फलाटावर असेन. व्हीलचेअर लागली तर स्टेशनवर मिळते. बाबा, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

सामान दोनच बॅगा आणा, त्याही मऊ. इथल्या बहुतेक टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. मोठी सुटकेस बसत नाही, मग ती मागच्या सीटवर येते आणि माणसं अंग चोरून बसतात.

टॅक्सीत बसण्याचं नीट समजून घ्या, कारण दिवसातून सहा-आठ वेळा तेच करायचंय आणि कंबर तिथेच धरते. एक पाय आत टाकून, वाकून, अंग मागून ओढून घ्यायचं, ही आपली सगळ्यांची सवय. शेवटच्या महिन्यांत ओटीपोटाचे सांधे सैल झालेले असतात. दोन्ही पाय फाकले आणि भार एकावर आला की पुढच्या हाडाच्या जोडात कळ जाते. तिने गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, गुडघ्यांमागे सीट लागली की हाताने दाराची चौकट धरून आधी बसायचं, डोकं सांभाळायचं, आणि मग दोन्ही गुडघे जुळवून पाय एकत्र आत फिरवायचे. सीटवर आधी एक गुळगुळीत ओढणी किंवा प्लास्टिकची पिशवी अंथरली तर अंग सहज वळतं. वळून झालं की पिशवी काढून घ्यायची, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढे घसरतं. उतरताना हेच उलट: पाय एकत्र बाहेर, तळवे जमिनीला टेकले की हातांच्या जोरावर उठायचं. बाबा, तुम्हीही असंच बसून बघा, गुडघा कमी कुरकुरेल.

पट्टा मागच्या सीटवरही लावायचा. मुंबईत 2022 पासून तो सक्तीचा आहे, आणि सक्ती नसती तरी लावला असता. टॅक्सीत त्याचं कुलूप बऱ्याचदा सीट कव्हरखाली गाडलेलं असतं, ते दादाने आधी उपसून काढावं, मग तिने बसावं. खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या दोन्ही हाडांवरून जायला हवा. वरचा पट्टा स्तनांच्या मधून आणि पोटाच्या कडेने. पोटावरून आडवा कधीच नाही, कारण धक्का बसला तर सगळा जोर गर्भाशयावर येतो. पोटाला काचतो म्हणून पट्टा सोडून ठेवणं हे त्याहून वाईट.

आई, खड्ड्यांनी बाळाला काही होईल ही धास्ती सोड. ते पाण्याच्या पिशवीत तरंगतंय, रोजचे हिसके त्याच्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. हिसके लागतात ते आईच्या कमरेला आणि मूत्राशयाला. म्हणून रिक्षा टाळू. तशीही ती माहीमच्या पुढे दक्षिणेला येत नाही.

लोकलचं बाबांना आकर्षण आहे, माहीत आहे. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर बाईला जाता येतं, तरीही मी नाही म्हणते. गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही आणि फलाट-पायदान यांतली फट स्टेशनागणिक बदलते. त्यापेक्षा भुयारी मेट्रो, अ‍ॅक्वा लाइन. आरे ते कफ परेड अशी ती ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण सुरू आहे आणि आपल्याला शीतलादेवी स्टेशन जवळ. फलाटावर काचेची दारं, डबा फलाटाच्या पातळीला, आत राखीव जागा. अडचण एकच: स्टेशनं खोल आहेत आणि लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराला नाही. बाहेरच्या फलकावर लिफ्टची खूण असेल त्याच दाराने आत जायचं, मग त्यासाठी रस्ता ओलांडावा लागला तरी. सरकत्या जिन्यावर साडीचा घोळ आणि ओढणी वर उचलून धरायची. तपासणीच्या कमानीतून वहिनी खुशाल जाऊ दे. तिथे चुंबकीय क्षेत्र असतं, क्ष-किरण फक्त बॅगांच्या यंत्रात. मेट्रोला सकाळी अकरा ते दुपारी चार हीच वेळ.

आता यादी. सिद्धिविनायक शीतलादेवीपासून दोन स्टेशनं. मंगळवार आणि संकष्टी सोडून कधीही. गरोदर बायका आणि ज्येष्ठांना कुठून आत सोडतात ते आधी दारावर विचारायचं, नुसतं रांगेत लागायचं नाही. राणीची बाग बुधवारी बंद. बाकी कुठल्याही दिवशी सकाळी उघडताच. सावली आहे, बाकडी आहेत, वाट सपाट आहे. पण बाग मोठी आहे. पेंग्विन, वाघ, पक्षी एवढंच बघायचं आणि दोन तासांत परत. बाबा, एकेक झाडाची पाटी वाचायची असेल तर तुम्ही दादाबरोबर थांबा, आम्ही पुढे येऊ.

म्युझियम आणि मरीन ड्राइव्ह एका दिवशी, टॅक्सीने, कोस्टल रोडवरून. म्युझियममध्ये लिफ्ट आहे. मला विचाराल तर चार दिवसांतली सगळ्यात सुखाची जागा हीच. वरळीहून निघालं की रस्ता गुळगुळीत, शेवटी बोगदा, बाहेर पडलं की थेट समुद्र. मरीन ड्राइव्हच्या कठड्याला पाठीला टेकू नाही, त्यामुळे तिथे वीस मिनिटं पुरे. चौपाटीच्या वाळूत उतरायचं नाही. पाय रुततो, प्रत्येक पावलाला कंबर वाकडी होते आणि तोल सावरताना नितंबाचा सांधा धरतो. आणि पाणीपुरी, बर्फाचा गोळा, उसाचा रस यातलं काही नाही. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई नावाची कावीळ इतरांना काही आठवडे लोळवते. शेवटच्या तीन महिन्यांत ती आईच्या जिवावर बेतू शकते. समोर तळलेला गरम वडा खुशाल खा.

घारापुरी रद्द. लाँचचा एकेक तास, गेटवेला कधी कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकावा लागतो, पुढे लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या, आणि काही झालं तर इस्पितळ समुद्रापलीकडे. महालक्ष्मीच्याही पायऱ्या आहेत, आई, नमस्कार लांबूनच कर.

प्रत्येक ठिकाणाहून निघताना, लागलेली नसली तरी, तिने लघवीला जाऊन यायचं. बाहेर संडास मिळणार नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग लघवी दाटते, संसर्ग होतो, आणि त्या संसर्गातून वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी गेलंच पाहिजे. वर्तमानपत्राची घडी घालून बसू नका, हलकं घडीचं स्टूल माझ्याकडे आहे, ते दादा खांद्याला लावेल.

चपला मागे पट्टा असलेल्या, वेलक्रोच्या, नेहमीपेक्षा एक नंबर मोठ्या. संध्याकाळी पाय सुजतात आणि बंद बांधायला तिला वाकता येत नाही. डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले असतील तर सकाळी पाय खाली टेकायच्या आत, पलंगावरच चढवायचे. सूज आल्यावर ते चढत नाहीत आणि चढवले तर काचतात.

आई, डबा तू करणारच. तिखटमिठाच्या पुऱ्या कमी, राजगिऱ्याचे लाडू, फुटाणे, केळी जास्त. दर दोन तासांनी थोडं थोडं. दोन जिवांचं म्हणून एकदम वाढू नकोस, जठराला आता जागाच नाही, जळजळ वर येते. लोहाची गोळी चहाच्या आगेमागे तासभर नको आणि कॅल्शियमबरोबर तर नकोच.

झोपायला वहिनीला पलंग. गादी खाली घातलीत तर उठताना हाल. कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळून पाय खाली सोडायचे, मग हाताने रेटा देऊन उठायचं. पाठीवर सरळ झोपली आणि घाबरंघुबरं झालं तर कुशीवर वळवा, गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं म्हणून तसं होतं.

चालल्यावर पोट दगडासारखं कडक झालं तर बसवा, पाणी द्या, लघवीला जाऊ द्या. अर्ध्या तासात सैल पडलं तर ठीक. ठरावीक अंतराने, तासाभरात चार-पाच वेळा झालं तर वाट बघायची नाही. तसंच रक्त, पाणी जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे चमकणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणं. अशा वेळी आधी मला फोन करण्यात वेळ घालवू नका, 108 लावा. माहीम-दादरच्या बाजूला असलो तर परळचं केईएम किंवा वाडिया प्रसूतिगृह, मुंबई सेंट्रलला नायर, सीएसएमटीच्या आसपास कामा. फाईल सतत दादाच्या पाठीवर: शेवटची सोनोग्राफी, रक्तगट, गोळ्यांची यादी, तिथल्या डॉक्टरांचा नंबर. फोटो माझ्या मोबाइलवर आधीच पाठवा.

दुपारी एक ते चार सगळ्यांनी घरी आडवं व्हायचं. म्युझियमच्या दिवशी तेवढी सूट, तेव्हा तिथेच बसून घेऊ.

चार प्रश्नांची उत्तरं आली की कळवा, मग तिकिटं दादाने काढायची. डबा आणि सीट नंबर मला पाठवा, म्हणजे फलाटावर नेमक्या दारासमोर उभी राहीन. आणि बाबा, तुमची रक्तदाबाची गोळी हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेच्या तळाशी नको.

तुमची,
मनू