द्विधातू पट्टी : जाडी, लांबी आणि ताण

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमधली (तापमान आपोआप राखणाऱ्या कळीतली) द्विधातू पट्टी जाड केली तर ती कमी वाकेल आणि मग तिच्यातला ताणही (धातूच्या आत दर क्षेत्रफळावर येणारा जोर) कमी होईल ना, असे तुम्ही फोनवर विचारलेत. पहिला भाग बरोबर आहे; दुसरा मात्र नाही, आणि या विषयातली खरी गंमत मला तिथेच वाटते.

पितळ आणि इन्व्हार (तापल्यावर पितळेपेक्षा फारच कमी प्रसरण पावणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू) यांचे सारख्या जाडीचे थर घट्ट जोडलेली पट्टी एका टोकाला धरून तापवली, तर मोकळे टोक किती सरकेल हे लांबीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि एकूण जाडीच्या व्यस्त प्रमाणात ठरते. 100 मिलिमीटर लांब आणि 1 मिलिमीटर जाड पट्टी 100 अंश सेल्सिअसने तापली की टोक सुमारे 13 मिलिमीटर सरकते. जाडी निम्मी केल्यास दुप्पट, लांबी दुप्पट केल्यास चौपट. रुंदीने यात जवळजवळ काही बदलत नाही.

ताणाचे गणित अभियंते स्टीफन टिमोशेंको यांनी 1925 मध्ये मांडले. ताण सर्वाधिक असतो तो जोडापाशी. तिथे पितळ दाबले जाते आणि इन्व्हार ताणले जाते, तर बाहेरच्या पृष्ठभागांवर नेमके उलट, पण निम्म्याच तीव्रतेने. या सूत्रात ना एकूण जाडी येते, ना लांबी, कारण जाड पट्टीची वक्रता जितकी कमी होते तितकेच तिचे थर मध्यापासून दूर जातात आणि हिशेब जिथल्या तिथे राहतो. वरच्या पट्टीत हा ताण सुमारे 100 मेगापास्कल (म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर 100 न्यूटन जोर) भरतो, मग ती 1 मिलिमीटर जाड असो की 3. तो बदलायचा तर धातू बदलावेत, नाहीतर दोन थरांच्या जाडीचे गुणोत्तर. फक्त मोकळ्या टोकाजवळ, साधारण जाडीएवढ्या अंतरात, चित्र वेगळे असते. थर सुटायला लागतात ते बहुधा तिथूनच.

मग जाड पट्टी करतात कशाला? जोरासाठी. सरकणारे टोक अडवले तर ते जितका रेटा देते तो रुंदीच्या आणि जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात वाढतो, पण लांबीबरोबर घटतो. आई, तापमापकातली पट्टी गुंडाळलेली का असते, या तुझ्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे : तिथे हलका काटाच फिरवायचा असल्याने जोर फारसा लागत नाही, लांबी मात्र भरपूर हवी असते, आणि ती लहान डबीत मावायला हवी.

तुमची लेक