जाळी बारीक करून पाहिलीस का?

प्रिय ताई,

हे पत्र असं उघड्यावर लिहिलेलं तुला आवडणार नाही. दोन ओळींचा मेसेज पुरला असता, असं म्हणशील. पण मेसेजमध्ये ‘थँक यू ताई’ लिहून झालं असतं आणि आभार नेमके कशाचे ते राहून गेलं असतं. शिवाय हा विषय, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातल्या वाहक द्रवांचं आणि वायूंचं शास्त्र, नव्याने हाती घेणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं त्यात बरंच आहे, आणि ते सगळं तुझ्याकडून आलेलं आहे.

मी आपल्या संशोधन ग्रुपमध्ये आलो तेव्हा मला द्रवगतिकी येत होती, विद्युतचुंबकत्वही येत होतं. दोन्ही एकमेकांत मिसळली की काय होतं, तेवढं येत नव्हतं. वाहक द्रवात चुंबकीय रेषांवरून लाटा धावतात हे आल्फवेनने 1942 मध्ये सांगितलं, रेषा द्रवात गोठलेल्या असतात, द्रव जाईल तिकडे त्या जातात, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. गोठलेली रेषा ताणली की मागे खेचते, हे मात्र तू रबर बँड हातात घेऊन दाखवलंस तेव्हा कळलं.

तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. मी तुला म्हणालो होतो, कृष्णविवराभोवतीच्या किंवा नव्या ताऱ्याभोवतीच्या डिस्कमधला, म्हणजे फिरत्या तबकडीतला वायू आत पडतोच कसा ते मला समजत नाही. आत यायचं तर त्याने आपला कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा संवेग, कुणाला तरी द्यायला हवा. रेणूंमुळे येणारी श्यानता, म्हणजे थरांमधलं घर्षण, इतकी किरकोळ, की मोठ्या डिस्कमध्ये तिच्यावर विसंबलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. मग टर्ब्युलन्स, म्हणजे खळबळ हवी. पण डिस्कमध्ये कोनीय संवेग बाहेरच्या बाजूला वाढत जातो, आणि असा प्रवाह रेलीच्या निकषानुसार स्थिर. म्हणजे खळबळ माजायला कारणच नाही!

तू दोन खोडरबरांना एक रबर बँड अडकवलास. हा आतल्या कक्षेतला, हा बाहेरचा. आतला वेगाने फिरतो, म्हणून पुढे जातो. रबर ताणला जातो आणि त्याला मागे ओढतो. त्याचा कोनीय संवेग कमी होतो. “आता तो हळू होईल का?” तू विचारलंस. मी मान डोलावली. “चूक. तो आत घसरेल आणि आणखी वेगाने फिरेल.” बाहेरच्याला संवेग मिळतो, तो आणखी बाहेर सरकतो आणि मंदावतो. रबर आणखी ताणला जातो. मग तू दुसरा जाड रबर अडकवून दाखवलंस, की तो मजबूत असेल तर दोघं एकमेकांना धरून नुसते हेलकावतात, अस्थिरता येतच नाही. क्षेत्र दुबळं हवं! चुंबकीय क्षेत्र जितकं जोरदार तितकी खळबळ जास्त, ही माझी समजूत दोन खोडरबरांनी मोडीत काढली.

त्यावर मी जरा खट्टू झालो होतो, की इतकी साधी गोष्ट मला सुचू नये. तेव्हा तू इतिहास सांगितलास. दोन सिलिंडरांमध्ये, चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वाहक द्रवाची ही अस्थिरता वेलिखॉव्हने 1959 मध्ये आणि चंद्रशेखरांनी 1960 मध्ये काढून ठेवलेली होती. ॲक्रीशन डिस्कसाठी, म्हणजे जिच्यातून वायू आत पडत राहतो अशा डिस्कसाठी, तिचं महत्त्व काय, हे बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं 1991 मध्ये. मधली तीस वर्षं उत्तर छापील पडून होतं. “तुला तर तीन दिवसच झालेत,” एवढं बोलून तू आपल्या स्क्रीनकडे वळलीस. आजवर कुणी माझी इतकी कोरडी समजूत काढलेली नाही, आणि इतकी उपयोगी पडलेलीही नाही.

संगणकावर हीच खळबळ उभी करणाऱ्या कोडचे पहिले दोन महिने थोडक्यात उरकतो, कारण ते आठवले की अजून पोटात गोळा येतो. माझा प्रत्येक रन काही पावलांत फुटायचा. कोड डिस्कचे जाळीसारखे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे पेशी, पाडतो; मी चुंबकीय क्षेत्राचे आकडे थेट पेशींच्या मधोमध भरत होतो, आणि त्यामुळे जिथे मुळात चुंबकीय एकध्रुव (नुसता उत्तर किंवा नुसता दक्षिण ध्रुव) नसतात तिथे संगणकाच्या पोटात ते तयार होत होते. “क्षेत्र भरू नकोस. सदिश विभव पेशीच्या कडांवर भर आणि त्यातून क्षेत्र काढ,” हे तुझं एक वाक्य. डायव्हर्जन्स, म्हणजे त्या खोट्या एकध्रुवांचं माप, शून्यावर आला तो आलाच. खळबळ नंतर, आधी रेषीय वाढीचा, म्हणजे विक्षोभ लहान असतानाच्या वाढीचा दर जुळव, हेही तूच बजावलंस. केप्लरच्या नियमाने फिरणाऱ्या डिस्कसाठी कमाल दर कोनीय वेगाच्या 0.75 पट; म्हणजे एका फेरीत विक्षोभ शंभराहून अधिक पट, दोन फेऱ्यांत सुमारे 12,000 पट. क्षेत्र कितीही दुबळं असो, हा दर तोच राहतो; फक्त लाटेची लांबी आखूड होत जाते, आणि ती जाळीच्या पेशींत मावली नाही की संगणक तुम्हाला खुशाल सांगतो, इथे काहीच घडत नाही. हे मी किती तरी जणांना सांगितलं असेल, आणि दर वेळी ते माझंच असल्याच्या थाटात. माफ कर.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी मी तुझ्याकडे चित्रं घेऊन आलो होतो. डिस्कचा छोटा तुकडा घेतलेला, म्हणजे आपला शिअरिंग बॉक्स. अर्ध्या भागात क्षेत्र वर, अर्ध्यात खाली, एकूण बेरीज शून्य. काय सुंदर खळबळ माजली होती! संवेगाच्या वहनाचा आकडाही स्थिर आलेला. मी शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा मनात ठरवून टाकलं होतं. तू चित्रं पाहिलीस, छान आहेत म्हणालीस, आणि विचारलंस, “जाळी बारीक करून पाहिलीस का?”

नव्हती केली. खरं सांगायचं तर राग आला होता. तिन्ही दिशांना पेशी दुप्पट म्हणजे पेशी आठपट, वेळेची पावलंही दुप्पट, एकूण सोळापट काम. रांगेत थांबणं वेगळंच. तरी रन टाकला, आणि आकडा जवळपास निम्मा झाला. पुन्हा बारीक केली, पुन्हा घसरला. मी मोजत होतो ते डिस्कचं नव्हतंच, माझ्या जाळीचं होतं.

मी पडेल चेहऱ्याने आलो तेव्हा ‘मला माहीत होतं’ असं तू म्हणाली नाहीस. माहीत तर होतंच. फ्रोमांग आणि पापालोइझू यांनी 2007 मध्ये नेमकं हेच दाखवलेलं आहे, तो निबंध तू मला त्या संध्याकाळी पाठवलास. आधी पाठवला असतास तर मी वाचून बाजूला ठेवला असता आणि माझा बॉक्स त्याला अपवाद आहे असं धरून चाललो असतो. मी तसा आहे, आणि ते तू ओळखलं होतंस.

मग तू शेजारी बसून समजावलंस. श्यानता आणि विद्युत रोध मी समीकरणात घातलेच नव्हते, तेव्हा ते काम जाळीच करत होती. जाळी बदलली की तेही बदलणार. दोन्ही स्वतः घाल, आणि त्यांचं गुणोत्तर, म्हणजे चुंबकीय प्रांट्ल संख्या, बदलून बघ. एकच्या खाली आणली तर माझ्या बॉक्समधली खळबळ चक्क विझली. चारवर ठेवली तेव्हा टिकली, आणि मुख्य म्हणजे जाळी बारीक केल्यावरही आकडा जागचा हलला नाही. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण ते एवढंच आहे. पहिल्या चित्रांपेक्षा दिसायला साधं, पण तोंडी परीक्षेत मला त्यावर एकही प्रश्न अडला नाही.

एका बाबतीत मात्र आपलं अजून पटत नाही. शाकुरा आणि सुन्यायेव यांनी 1973 मध्ये आणलेल्या अल्फाला, म्हणजे डिस्कमधल्या खळबळीच्या जोराऐवजी वापरायच्या एका आकड्याला, तू ‘अज्ञानाचं ग्रीक नाव’ म्हणतेस. असेल. पण त्या एका अक्षरावर माणसं इतकी वर्षं डिस्कचा वर्णपट काढत आली, आणि टर्ब्युलन्स पूर्ण समजेपर्यंत थांबली असती तर अजूनही थांबलेली असती. यावर भांडायला ये कधी तरी. रबर बँड मी ठेवून घेतलाय. खोडरबर तुझे होते, ते परत करायचे राहिलेत.

हल्ली माझ्याकडेही एक मुलगी तिची चित्रं घेऊन आली होती. फार सुंदर चित्रं. मी काय विचारलं ते सांगत नाही. तिचा चेहरा पडला एवढंच सांगतो. तिचा नवा रन आता रांगेत आहे, आणि फोल्डरला नाव मी सुचवलंय: ‘ताई विचारेल’.

तुझा,
सोळापट वेळ लावणारा धाकटा भाऊ