तक्रार : ‘लेकरू दूध पिऊन नाही राह्यलं’ म्हणजे उलटी नव्हे

दिनांक : २७ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
बालरुग्णालय विभाग

विषय : २१ दिवसांच्या बाळाला न तपासता रात्री घरी पाठवल्याबाबत

महोदय,

८ जानेवारीला रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी आमच्या गावातलं एकवीस दिवसांचं बाळ तुमच्या कंपनीच्या बालरुग्णालयात आणलं. १० वाजून ४० मिनिटांनी त्याला परत पाठवलं. मधल्या वेळात पाचशे रुपयांची पावती फाडली गेली, औषधांचं ३४० रुपयांचं बिल झालं आणि केस पेपरवर तीन ओळी लिहिल्या गेल्या. बाळाभोवतीचं दुपटं मात्र कोणी सोडून पाहिलं नाही. पहाटे त्याला जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षात भरती करावं लागलं. जंतुसंसर्ग आणि न्यूमोनिया निघाला, अकरा दिवस काढावे लागले. बाळ आता घरी आहे, अंगावर पितं आहे.

बाळाच्या आईवडिलांच्या संमतीने हे पत्र लिहीत आहोत. ८४० रुपये परत मिळावेत एवढ्यासाठी हा खटाटोप नाही. केस पेपरवरच्या त्या तीन ओळींपैकी एकही तपासून लिहिलेली नाही, आणि तुमच्या नोंदणीच्या खिडकीवरची पद्धत बदलली नाही तर पुढच्या बाळाच्या कागदावरही त्याच ओळी येतील, म्हणून लिहीत आहोत. त्या ओळी अशा : ‘उलटी, १ दिवस’. ‘ताप नाही’. ‘बाळ शांत’. वजन, श्वास, ऑक्सिजन, शुगर हे चारही रकाने कोरे आहेत.

पहिली ओळ घ्या. आईने खिडकीवर सांगितलं, “लेकरू सकाळपासून दूध पिऊन नाही राह्यलं.” आमच्याकडे ‘येऊन राह्यला’ म्हणजे येतो आहे, ‘जेवून राह्यला’ म्हणजे जेवतो आहे. ‘पिऊन नाही राह्यलं’ म्हणजे पीत नाहीये. लिहून घेणाऱ्याने त्याचा अर्थ लावला, प्यालेलं पोटात राहत नाही. झाली उलटी! मग फोनवर डॉक्टरांना उलटी सांगितली गेली, डॉक्टरांनी फोनवरूनच उलटीचे थेंब सांगितले. आई बिचारी दोनदा म्हणाली की उलटी नाही झाली. तिला सांगण्यात आलं, “थेंब द्या, थांबेल.”

दोन महिन्यांखालच्या बाळाने दूध ओढणं सोडलं, की ते गंभीर आजाराचं लक्षण धरायचं असतं. अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यातसुद्धा ते असतं. उलटी करणारं बाळ निदान आधी प्यालेलं असतं, हे बाळ प्यालेलंच नव्हतं. खात्री करायला फार वेळ लागत नाही. नाक चोंदलं असेल तर आधी ते मोकळं करायचं. गेल्या तासाभरात पाजलं नसेल तर आईला पाजायला बसवायचं आणि चार मिनिटं नुसतं पाहायचं. तोंड मोठं उघडतं का, खालचा ओठ बाहेर वळतो का, हनुवटी छातीला टेकते का, आणि थांबत थांबत खोल ओढ घेऊन गिळतं का. बोंडशी तोंडात धरून डोळे मिटून पडलेलं बाळ ‘पितंय’ असं धरायचं नाही. आईला विचारायचं, काल किती वेळा प्यालं होतं, आज किती वेळा, शेवटची लघवी कधी झाली. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल तर पोटात दूध जात नाही, हे कोणतीही आई बोटांवर मोजून सांगेल. तुमच्या खिडकीजवळ आईला बसून पाजायला जागा नाही. एक पडदा आणि एक खुर्ची पुरे.

दुसरी ओळ, ‘ताप नाही’. कपाळासमोर तापाची बंदूक धरली, आकडा पाहिला, संपलं. जानेवारीच्या रात्री उघड्या मालवाहू ऑटोतून २६ किलोमीटर आलेल्या बाळाच्या गार कपाळावरून आत काय चाललं आहे ते कळत नाही. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप चढेलच असं नसतं, पुष्कळदा अंग थंड पडतं. काखेतलं तापमान ९९.५ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर धोका, तसाच ९५.९ च्या खाली असेल तरी धोका. संध्याकाळी सहा वाजता आशाताईने काखेत डिजिटल थर्मामीटर लावून ९५.४ मोजलं होतं. साधन जवळ नसेल तरी हाताच्या पाठीने कळतं : पोट गरम पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी बाधते आहे, पोटही गार लागलं तर बाळ गारठलं आहे. “ताप नाही ना, मग कशाला घाबरता” हे वाक्य नवजात बाळाच्या आईला तुमच्या रुग्णालयात पुन्हा ऐकू येऊ नये.

तिसरी ओळ सगळ्यात घातक. ‘बाळ शांत’. त्या रात्री बाकावर दुसरं एक सात-आठ महिन्यांचं लेकरू कान दुखतो म्हणून टाहो फोडत होतं. त्याला आधी आत घेतलं. त्याचं दुखणं खरंच होतं, पण जे रडू शकतं त्याच्या अंगात अजून जोर आहे. ज्याचा जोर संपला ते गप्प पडतं आणि रांगेत मागे राहतं. झोपलेलं बाळ आणि मलूल बाळ यांत फरक करायचा तर कपडे सोडून त्याला मोकळं पाहावं लागतं. आपणहून हातपाय हलवतं का? नसेल तर तळपायावर हलकी टिचकी मारायची. टिचकीपुरतं हलून पुन्हा निपचित पडत असेल, किंवा हलतच नसेल, तर ते झोपलेलं नाही.

आता श्वास. हा रकाना कोरा राहिला याचं आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटतं, कारण यात खर्च शून्य आहे. बाळ रडत नसताना, पोट आणि छाती उघडी करून, सेकंदकाट्याच्या घड्याळावर पूर्ण ६० सेकंद मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच पाच-दहा सेकंद थांबतो आणि मग भराभर चालतो. पंधरा सेकंद थांबण्यात गेले तर आकडा कमी येतो, भराभर चालण्यात गेले तर उगाच जास्त. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा एकदा मिनिटभर मोजायचं आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर जलद श्वास धरायचा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात ही सीमा ५०, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४०. मोजतानाच छातीच्या खालच्या कडेकडे पाहायचं. लहान बाळाच्या फासळ्या मऊ असतात, त्यामुळे श्वास घेताना थोडं आत ओढलं जाणं चालतं. खोल खड्डा पडणं चालत नाही. नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, तेही याच वेळी कळतं. आमच्याकडच्या बाया अशा श्वासाला ‘डब्बा’ म्हणतात. कोणी ‘लेकरू धापते’ म्हणेल, कोणी ‘पोटात खड्डा पडते’ म्हणेल. हे शब्द अडाणीपणाचे नाहीत, डोळ्यांनी पाहून सांगितलेल्या खुणा आहेत. ते जसेच्या तसे कागदावर यायला हवेत.

आशाताईने या बाळाचे श्वास दोनदा मोजले होते, ६८ आणि ७०.

आणि हे मोजणं विदर्भाला नवीन नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत १९८८ पासून गावातल्याच माणसांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. पुढे ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्याच धर्तीवर आज देशभरातल्या आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. जे काम थोडंफार शिकलेल्या बाया कुडाच्या घरात कंदिलाच्या उजेडात करत आल्या, ते तुमच्या ट्यूबलाइटखाली का होऊ नये?

एकविसाव्या दिवसाच्या भेटीत आशाताईने चिठ्ठी लिहून दिली होती. तीवर जन्माचं वजन २ किलो १००, चौदाव्या दिवशी २ किलो २५०, एकविसाव्या दिवशी २ किलो १७०, काखेतलं तापमान, श्वासाचे दोन्ही आकडे आणि ‘सकाळपासून ओढत नाही’ असं स्पष्ट लिहिलं होतं. या वयात बाळ दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं, इथे सात दिवसांत ८० ग्रॅम घटलं. नवजात बाळावर काम केलेला कोणताही डॉक्टर ही चिठ्ठी वाचून खुर्चीतून उठला असता. पण ती डॉक्टरांपर्यंत गेलीच नाही. “सरकारी चिठ्ठी इथे चालत नाही” असं म्हणून खिडकीतूनच परत दिली. घडी घातलेली ती चिठ्ठी आईने रात्रभर पदराच्या गाठीत ठेवली. तिची प्रत सोबत जोडली आहे, ती कृपया वाचा.

ऑक्सिजनचं असं की नर्सताईंनी मोठ्या माणसाच्या बोटाचा चिमटा बाळाच्या अंगठ्याला लावून पाहिला, आकडा येईना म्हणून काढून ठेवला. नवजात बाळाला तळपायाभोवती गुंडाळायचा प्रोब (ऑक्सिजन मोजणारा पट्टा) लागतो, आणि पाय गार असेल तर आधी गरम करावा लागतो. शिवाय सावळ्या कातडीवर हे यंत्र कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, म्हणून जीभ आणि हिरड्या निळसर आहेत का हेही पाहायचं. न पिणाऱ्या गार बाळाची टाचेतून शुगर तपासणं तर चुकवूच नये. ४५ च्या खाली गेली तर मेंदूला इजा होऊ शकते आणि ती नंतर भरून येत नाही.

बिलात खोकल्याचं सिरपही आहे. एकवीस दिवसांच्या बाळाला! सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये विषारी सिरपमुळे मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं उपचाराला नागपुरात आणली गेली आणि त्यातली कित्येक दगावली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहू नयेत. त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

आता आमचं मागणं. दोन महिन्यांखालचं बाळ आलं की पावतीआधी त्याला आत घ्या आणि दहा मिनिटांत दुपटं सोडून श्वास, काखेतलं तापमान, वजन व पाजणं पाहा. श्वासाच्या रकान्यात आकडा आणि मोजणाऱ्याची सही असल्याशिवाय केस पेपर पुढे जाऊ नये. रात्री डॉक्टरांनी स्वतः येऊन पाहावं, या वयाच्या बाळाला फोनवरून औषध सांगणं बंद करा. आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहा आणि वाचून दाखवून “असंच म्हणालीस ना बाई?” असं विचारा. रात्रपाळीत वऱ्हाडी कळणारं एक माणूस ठेवा. आमच्या भागातल्या कोलाम, गोंड आयांसाठी कोलामी-गोंडी बोलणाऱ्या मदतनीस तालुक्यातच मिळतील. “माझं लेकरू नेहमीसारखं नाही” असं आई दुसऱ्यांदा म्हणाली, तर दुसऱ्या डॉक्टरने पाहिल्याशिवाय घरी पाठवू नका. आशाची, एएनएमची (उपकेंद्रातल्या परिचारिकेची) चिठ्ठी केस पेपरला टाचून ठेवा.

तुमच्याकडे नवजात बाळाची सोय नसेल, तर तसं सांगण्यात कमीपणा नाही. पण मग अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन देऊन, औषध, मात्रा आणि वेळ लिहून, बाळाला टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी बांधून पाठवा. गरज असेल तर ऑक्सिजन लावा. गिळत नसलेल्या बाळाच्या तोंडात चमच्याने दूध ओतायला सांगू नका, ते श्वासनलिकेत जातं. १०८ ला तुम्हीच फोन करा आणि पुढच्या रुग्णालयालाही कळवा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हेही आईबापांना सांगा. त्या रात्री हे कळलं असतं तर वडिलांनी भाड्याचा हिशेब करत पहाटेची वाट पाहिली नसती.

तातडीच्या रुग्णाला वाचवण्याचं कर्तव्य सरकारी आणि खाजगी दोन्ही डॉक्टरांवर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागद देणं बंधनकारक आहे. केस पेपरची पूर्ण प्रत आणि त्या रात्रीच्या फोनची नोंद आम्ही या पत्राद्वारे मागत आहोत. दर आणि रुग्णहक्कांचा फलक तुमच्या दर्शनी भागात आम्हाला दिसला नाही, तोही लावावा.

उत्तर १५ दिवसांत, लेखी आणि मराठीत द्यावं. न आल्यास रुग्णालयाची नोंदणी करणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, याची आम्हाला कल्पना आहे. त्या रात्री कामावर असलेल्या नर्सताईंवर सगळं ढकलून त्यांना काढून टाकू नका. त्या एकट्या चौदा खाटा, खिडकी आणि फोन सांभाळत होत्या. ती नेमणूक तुमची होती.

रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना श्वास मोजणं आणि पाजणं पाहणं शिकवायचं असेल तर आमच्या आशाताई आणि सेवानिवृत्त परिचारिका एका दुपारी येऊन शिकवतील. त्याचे पैसे नकोत. सेकंदकाट्याचं घड्याळ तेवढं भिंतीवर लावून ठेवा. सध्या तिथे आहे ते बंद आहे.

आपले,
ग्राम आरोग्य समितीचे सदस्य, आशा स्वयंसेविका व सेवानिवृत्त परिचारिका
(बाळाच्या वडिलांची सही व आईचा अंगठा मूळ प्रतीवर)
यवतमाळ जिल्हा

सोबत : केस पेपरची प्रत, पावती व औषधांचं बिल, आशाच्या चिठ्ठीची प्रत, सरकारी रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड