नानांच्या वहीतलं मंत्रिमंडळ

लष्कर, ग्वाल्हेर
२८ डिसेंबर

प्रिय सुध्या,

सहा महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. रागावला असशील तर हक्क आहे तुझा. माझं बीपी ठीक, हिचा गुडघा दुखतो, बाकी बरं. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

२५ तारखेला आमच्या मंडळात अटलजी वाजपेयींच्या जयंतीचं प्रदर्शन होतं. मधोमध मोठा फ्लेक्स: 'तेरा दिवसांचं मंत्रिमंडळ, १९९६'. त्यावर गृहमंत्री अडवाणी, संरक्षण जॉर्ज फर्नांडिस, अर्थ यशवंत सिन्हा. अरे, ही तर १९९८ची यादी! सेक्रेटरीला बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणे, "काका, लोकांना हीच नावं माहीत आहेत. काय फरक पडतो?"

रात्रभर झोप नाही, सुध्या. सकाळी ट्रंकेतून नानांची दुधाची वही काढली. मे ९६चं पान. डावीकडे लिटर आणि पैसे, उजवीकडे रेडिओ ऐकत निळ्या शाईने उतरवलेली नावं. गृह मुरली मनोहर जोशी, अर्थ जसवंत सिंह, संरक्षण प्रमोद महाजन, कायदा जेठमलानी, माहिती-प्रसारण सुषमा स्वराज. शेती सूरजभान, कल्याण करिया मुंडा, विमान वाहतूक धनंजय कुमार. आपल्या होशंगाबादचे सरताज सिंह आरोग्याला, त्यांच्या नावाखाली दोन रेघा! सिकंदर बख्त यांच्यापुढचं 'नगरविकास' खोडून वर बारीक अक्षरात 'परराष्ट्र'. आणि तळाशी उद्योग, सुरेश प्रभू, शिवसेना.

त्या यादीत भाजपबाहेरचा पक्ष तेवढा एकच. अकाली, समता, हरियाणा विकास पार्टी यांनी पाठिंबा दिला, पण मंत्रिपद कोणी घेतलं नाही. अडवाणी तर हवाला प्रकरणातल्या आरोपामुळे निवडणुकीलाच उभे नव्हते. १६१ खासदारांचा सर्वांत मोठा पक्ष, पंगत मांडलेली आणि पाहुणे येईनात. तेरा दिवसांची सगळी गोष्ट, अटलजी धरून, या बारा नावांत आहे. तिथे जॉर्जना बसवलं की मित्रपक्ष पहिल्यापासून होतेच असं वाटतं, मग सरकार पडलं कशाने? आणि हे आपल्या ग्वाल्हेरात, ज्या गावाने त्यांना गोरखी शाळेत जाताना पाहिलं!

तू म्हणशील, ग्वाल्हेरने १९८४ला पावणेदोन लाखांनी पाडलं तेव्हा कुठे गेलं होतं तुझं प्रेम? महाराजांच्या, म्हणजे माधवराव शिंद्यांच्या, चिठ्ठ्या वाटत तू आमच्या दारात आला होतास, विसरलो नाही. एन्रॉनचंही लक्षात आहे. जाता जाता अटलजींच्या सरकारने त्या वीज प्रकल्पाच्या सरकारी हमीला मंजुरी दिली म्हणून तू माझ्याशी महिनाभर बोलला नव्हतास. त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही.

पण २८ मेला तुमच्याकडे टीव्हीसमोर सगळे एकत्रच होतो ना? लोकसभेतलं भाषण थेट घरात दिसत होतं. काकू पन्ह्याचे पेले घेऊन दारातच थबकल्या. राष्ट्रपतींकडे राजीनामा द्यायला निघतो म्हणाले आणि तूसुद्धा गप्प झालास. तुझे डोळे मी पाहिले होते.

चिन्मयचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव. मोतीबिंदूचं लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार.

सोमवारी ती बारा नावं मोठ्या अक्षरात लिहून फ्लेक्सशेजारी स्वतः चिकटवणार आहे. काढली तर पुन्हा चिकटवीन. ही म्हणते, या वयात वाद कशाला. तुझं काय म्हणणं ते लगेच लिही.

आणि हो, वहीच्या त्याच पानावर खाली पेन्सिलने तुझं अक्षर आहे: 'मध्या, उद्या पडणार. पैज एक किलो लाडू.' तारीख २७ मे. नानांनी ते वाचून तुला दिवाळीपर्यंत घरात घेतलं नव्हतं, पण खोडलं मात्र नाही. पैज तू जिंकलास. बहादुराकडचे लाडू लग्नाला येताना घेऊन येतो, पूर्ण किलो.

तुझा,
मध्या