पहिली पिक त्या उंच पोरावरच लाव

प्रिय सच्या,

तीन महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही, आधी त्याबद्दल माफ कर. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. काल रात्री तू पाठवलेली लीगची फाईल बास्केटबॉल जीएममध्ये, म्हणजे आपल्या त्या संघ चालवायच्या संगणकी खेळात उघडली, ड्राफ्टचं (नव्या खेळाडूंच्या निवडीचं) पान बघितलं आणि झोपच उडाली. पहिली पिक, म्हणजे सगळ्यांत आधी निवडायचा हक्क, हातात असताना तू त्या 22 वर्षांच्या गार्डवर (चेंडू खेळवणारा, सहसा बुटका खेळाडू) अडून बसलायस? नको रे.

त्याचा ओव्हरॉल, म्हणजे आजचा एकूण गुण, 51; पोटेन्शियल, म्हणजे पुढे कुठवर जाईल त्याचा अंदाज, 57. या खेळात 45 ते 55 म्हणजे छोट्या भूमिकेचा खेळाडू, 55च्या पुढे स्टार्टर (सुरुवातीच्या पाचांतला), 65च्या पुढे ऑल-लीग (लीगमधल्या सर्वोत्तमांतला) आणि 75च्या आसपास एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू). म्हणजे सगळं नीट घडलं तरी तुझ्या हाती एक बरा स्टार्टर. पहिल्या पिकवर एवढंच?

दुसऱ्या नंबरचा 19 वर्षांचा पोरगा बघ. ओव्हरॉल 44, पोट (पोटेन्शियल) 68. आता तू म्हणशील, पुन्हा पोट बघून भुललास. पोट म्हणजे कमाल मर्यादा नव्हे, सरासरी अंदाज, हे मीच तुला ओरडून सांगायचो. असे कितीतरी जण पन्नाशीतच अडकतात, एखादाच 75 ओलांडतो. मी भुललोय ते त्याच्या आतल्या आकड्यांवर. शंभरपैकी गुण बघ: उंची 62, वेग 58, तीन पॉइंटची फेक 41, पण आक्रमणाचा आयक्यू (खेळाची समज) 24 आणि बचावाचा 27. तू ते 24 बघून घाबरलास ना? नेमकी तीच चीज या वयात झपाट्याने वाढते. उंची जवळजवळ कधीच वाढत नाही, विशीपर्यंत क्वचित एखाद्याची वाढली तर. वेग आणि उडी वयाबरोबर पुढे उतरतातच. जे नंतर मिळत नाही ते त्याच्याकडे आजच आहे. तुझ्या गार्डचं उलट: आयक्यू 56 होऊन बसलाय, उंची 38. त्याची वाढ होऊन गेलीय.

आता फझ, म्हणजे आकड्यांत खेळाने ठेवलेली धूसरता. दाखवलेला आकडा खरा नसतो, स्काउटिंग (नव्या खेळाडूंची पारख) कमी असेल तर जास्तच चुकतो, आणि पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधले तर आणखी धूसर दिसतात. पण एका खेळाडूचे आकडे सगळे एकाच बाजूला सरकतात आणि उंचीला फझ लागत नाही. म्हणजे पोराची पातळी थोडी इकडेतिकडे असेल, त्याचा साचा मात्र दिसतो तोच. म्हणून तू स्काउटिंगवर पैसे ओतलेस तेव्हा मी भांडलो होतो. बजेटचा परिणाम तीन हंगामांच्या खर्चावर ठरतो, यंदा वाढवून यंदाच्या ड्राफ्टला काय मिळणार? तोच पैसा कोचिंगला लाव, अजूनही सांगतो.

त्याला खेळवायचीही घाई नको. बाकावर बसवलास तरी वाढ अडत नाही, मिनिटांचा तिथे संबंध नाही. पहिल्या फेरीचा करार तीन वर्षांचा आणि स्वस्त, तो संपेल तेव्हा पोरगा 22चा. आकडे बदलतात ते प्रीसीझनमध्ये, नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी. दोन उन्हाळे गेले आणि ओव्हरॉल पन्नाशीला टेकला नाही, तर पोटेन्शियल चांगलं दिसतंय तोवर विकून टाक. तरण्या पोरांना संगणकाचे संघ चांगला भाव देतात, पण एक उन्हाळा वाईट गेला की तो भाव उतरतो.

दुसऱ्या फेरीत मात्र बिनधास्त कुणीही उंच घे, हंगाम सुरू व्हायच्या आत सोडलास तर पैसे लागत नाहीत.

वहिनींची नवी नोकरी कशी चाललीय? चिमी शाळेत रमली का? तुझ्या पाठीचं डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस.

आणि ड्राफ्ट करायच्या आधी लीग एक्स्पोर्ट करून ठेव. ती ब्राउझरमध्येच साठते, डेटा साफ केलास की गेली. पम्याचे अकरा हंगाम असेच गेले, तो अजून त्या विषयावर बोलत नाही. पिक लावलीस की लगेच फाईल पाठव, रात्री जागाच असेन.

तुझा,
बंड्या